खालची पट्टी

दर रविवारी सकाळी ओतूरला कापडवाल्या शेठच्या माडीवर आम्ही सातआठ हौशी माणसं भजनाला बसतो. शेठ चार दिवस आधीच प्रत्येकाला हातानं लिहिलेला कागद देतात. कुठल्या पट्टीत गायचं, कुठली ओळ उचलायची, कुठं गप्प बसायचं, सगळं त्यात असतं. माझ्या कागदावर गप्प बसायच्या जागाच जास्त.

आजारातून उठलेले आमच्यातले म्हातारे गुरुजी परत यायचे होते, त्या आठवड्यात सगळ्या कागदांवर पट्टी नेहमीपेक्षा खालची होती.

"माझाच आवाज चढत न्हाई आता, राव. तुमी जरा खालच्या सुरात या," रविवारी शेठ सगळ्यांना म्हणाले.

गुरुजी त्यांच्याकडं बघून हसले आणि शेवटपर्यंत गायले.

सोमवारी दुकानात गेलो. कापड मोजता मोजता शेठ जुन्या, वरच्या पट्टीत मोकळे गात होते. मला बघून थांबले, आणि तीच ओळ खालच्या सुरात पुन्हा धरली.