पूजेचं पाणी

हौसाला गाणं येत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर एके काळी गावातल्या निम्म्या बायका भांडायला उठल्या असत्या. गौरीच्या फेरात पहिली ओळ हौसाचीच. मग गळ्यातली गाठ वाढली, पनवेलला ऑपरेशन झालं आणि गाठीबरोबर आवाजही गेला. उरली नुसती खरखर. त्या वर्षी बायांनी फेर धरला आणि सवयीनं तिच्याकडे पाहिलं. हौसा घरी निघून आली. तेव्हापासून गौरीला ती फक्त चहा करते.

नागोठण्याच्या अलीकडे तिचं गाव. तिथल्या अंगणवाडीत ती मदतनीस. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, आणि बडबडगीतांच्या वेळी सेविका निशिगंधा गायला लागली की मागं उभं राहून नुसते हातवारे करायचे. पोरांना ते चालायचं. हौसाला किती लागायचं, हे विचारायला कुणाला सवड होती?

गेल्या जूनमध्ये एका संस्थेनं अंगणवाडीला गाणारी चटई दिली. रबरी चटई, तिच्यावर रंगीत गोल, प्रत्येक गोलाचा एक सूर. शेजारी एक काळा डबा. डबा दोन सूर वाजवायचा आणि गप्प बसायचा. पोरानं तेच दोन गोल पायानं दाबले की डबा खूश होऊन लुकलुकायचा. चुकलं तर रागवायचा नाही, पुन्हा तेच वाजवून वाट बघायचा. एवढा धीर हौसानं माणसात पाहिला नव्हता, नवऱ्यात तर नाहीच. संस्थेची दिशा नावाची मुलगी सगळं शिकवून गेली. जाताना बजावून गेली, “मावशी, फक्त पाणी लागू देऊ नका.”

हौसानं ते मनावर घेतलं. अंबा नदीला पूर आला तेव्हा तिनं स्वतःच्या घरातलं तांदळाचं पिंप नंतर हलवलं, आधी डबा माळ्यावर चढवला. छप्पर गळायला लागलं तर डब्यावर छत्री उघडून स्वतः भिजत बसायची. निशिगंधा हसायची, “एवढी काळजी गुणाजीभाऊंची पण नाय घेत हो तुम्ही.” गुणाजी म्हणजे हौसाचा नवरा, पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारा. हौसा म्हणायची, “त्यांना गाता कुठं येतं?”

आणि मग झोया चटईवर चढली. झोया चार वर्षांची. बाप रमीज कुवेतला, आई अमीना इथं. पोर जन्मल्यापासून बोललेली नव्हती. कान ठीक आहेत, दर आठवड्याला उपचाराला आणा, असं शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण अंथरुणाला खिळलेल्या सासूला टाकून दर आठवड्याला एवढ्या लांब कोण जाणार? माणसं झोयाला बोल, बोल म्हणत मागं लागायची आणि ती टेबलाखाली जाऊन बसायची. डबा काही म्हणायचा नाही. दोन सूर वाजवून थांबायचा. श्रावणात झोया पिवळ्या गोलावर उभी राहिली. गणपतीत तिनं दोन्ही सूर बरोबर दाबले. आणि पितृपक्षातल्या एका सकाळी पाय उचलायच्या आधीच तिच्या तोंडून तो सूर आला. बारीक, पण अगदी तोच.

हौसा हातातला झारा घेऊनच अमीनाच्या दारात गेली. “अमीना, पोरीनं आवाज काढलान गो.” दोघी उंबऱ्यात बसून रडल्या. पुढं रोजच झोया गायला लागली. अमीनानं मोबाइलवर रेकॉर्ड करून कुवेतला पाठवलं. रमीजनं दिवाळीच्या दिवसांत सुट्टी टाकली. म्हणाला, समोर बसून ऐकायचंय.

खंडेनवमीला निशिगंधा मीटिंगसाठी रोह्याला गेली होती. त्या दिवशी गुणाजीच्या कारखान्यात ब्रश, रंग फवारायच्या बंदुका, कॉम्प्रेसर सगळं पुजलं जातं. घरोघर कोयते, विळ्या, मोटारसायकली धुऊन पुसून हळदकुंकू लावतात. ज्यानं वर्षभर राबून दिलं त्याच्यापुढं एक दिवस वाकायचं. मग डब्यानं काय कमी दिलं होतं? हौसानं पाटावर डबा ठेवला. फुलानं पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला. त्याच्या पुढ्यात नारळ फोडला आणि त्याच्या पाण्याची धार डब्यावर धरली. पावसाचा एक थेंब तिनं त्याला लागू दिला नव्हता. पण पूजेचं पाणी हे तिच्या लेखी पाणी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी डबा मुका.

दिशा आली, तिनं स्क्रू काढून झाकण उघडलं. आत कुंकवाचा चिखल झाला होता. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, हे मॉडेल आता येत नाही, नवीन मागवलं तरी पुढच्या वर्षी. हौसा अमीनाच्या पायाशी जाऊन बसली. अमीना म्हणाली, “तू काय मुद्दाम केलंस गो? तुझाच जीव होता त्याच्यात.” त्या बोलण्यानं हौसाला जेवण जाईना.

झोया रोज यायची, पिवळ्या गोलावर उभी राहायची आणि डब्याकडे बघायची. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावून पाहिलं, पण रेकॉर्डिंग कुणासाठी थांबत नाही. आपलं आपण वाजून संपतं. निशिगंधानं गाऊन पाहिलं. झोया टेबलाखाली गेली.

रमीज आला तो बॅग घरात टाकून थेट अंगणवाडीत. अमीनानं त्याला फोनवर काही सांगितलं नव्हतं, तिची जीभच रेटली नव्हती. तो चटईसमोर मांडी घालून बसला. “गा बाळा,” एवढंच म्हणाला. झोया गोलावर उभी राहिली. डबा गप्प. अमीनानं तोंड फिरवलं.

तेव्हा हौसा पुढं झाली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तिनं गळ्यावर जोर दिला आणि ते दोन सूर काढायला गेली. गंजक्या कडीसारखी खरखर निघाली. तिनं पुन्हा काढली, पुन्हा. झोया जवळ आली, तिनं टाचा उंचावून आपला चिमुकला तळवा वाकलेल्या हौसाच्या तोंडावर ठेवला. रागानं नव्हे. नीट ऐकू यावं म्हणून मध्ये येणारा आवाज बंद करतात तसा.

मग ती परत पिवळ्या गोलावर गेली आणि डब्याकडे बघत उभी राहिली. रमीज तिच्या तोंडाकडे बघत होता. हौसा ओठ मिटून दोघांच्या मध्ये उभी होती, आणि खिचडी करपल्याचा वास येत होता तरी तिथून कुणी हललं नाही.