दुर्बिणीवरचं नाव

यशवंता चिरेखाणीत पालथा पडला होता आणि त्याची टोपी वाऱ्याने सरकत सरकत टार्गेटच्या दिशेला चालली होती. मी काठी टाकून धावले. एक्याऐंशीव्या वर्षी जेवढं धावता येतं तेवढं धावले, म्हणजे काहीच नाही. माझी नात सुजाता माझ्या आधी पोचली. तोवर ती रायफलचा बोल्ट उघडा टाकून, हात बाजूला ठेवून नेमाच्या जागी पालथी पडून होती, कारण आबा परत येईपर्यंत जागचं हलायचं नाही असा त्याचा हुकूम होता. ती हलली तेव्हाच मला कळलं की हुकूम देणारा उरलेला नाही. तरी तिने त्याला उताणा केला, छाती दाबली, तोंडावर पाणी मारलं, "आबा, आबा" करत राहिली. पायाखालचा चिरा तव्यासारखा तापला होता. शेजारच्या चालू खाणीतला ट्रक आला, त्यातले चिरे गड्यांनी भराभर उतरवले आणि त्या लाल भुकटीवरच माझ्या धाकट्या भावाला निजवून आम्ही रत्नागिरीच्या इस्पितळात आणलं. डॉक्टरांनी पाहिलं आणि मान खाली घातली.

चार दिवसांनी पेपरात आलं की ज्येष्ठ नेमबाजी प्रशिक्षकांनी मैदानावरच अखेरचा श्वास घेतला. भेटायला येणारे म्हणायला लागले, काय भाग्याचं मरण, आवडीचं काम करता करता गेले. मी एकेकाला चहा देत राहिले. आता सहा आठवडे झालेत, आता बोलते. माझा भाऊ कसल्या भाग्याने मेला नाही. तो चालून चालून मेला. भर उन्हात तीनशे मीटर जायचं, कागदावर गोळ्या कुठे लागल्या ते बघायचं, तीनशे मीटर परत यायचं. पडला तेव्हा त्या सकाळची पाचवी खेप होती. त्याच्याकडे चांगली दुर्बीण असती तर त्याला बसल्या जागेवरून सगळं दिसलं असतं. चांगली दुर्बीण आणलीही होती. तिचं काय झालं ते लिहायला बसले आहे. मी चौथी शिकलेली. शुद्धलेखन सुजाताने तपासलंय, राग माझा आहे.

आमचं गाव मंडणगडच्या बाजूला, डोंगरात. यशवंता अठराव्या वर्षी फौजेत गेला आणि तिथे रायफलीत नाव काढलं. निवृत्त झाल्यावर गावी गेला नाही. बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं, म्हणून माझ्याजवळ रत्नागिरीला येऊन राहिला. इथल्या एका क्लबात वीस वर्षं पोरापोरींना नेम शिकवला. पावशेर रागही नव्हता त्याच्यात. मी मात्र लहानपणापासून तिखट. आई म्हणायची, तुमची अदलाबदल झाली, पोरगा व्हायची ती पोरगी झाली. क्लबाने सड्यावरची, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावरची, एक बंद पडलेली चिरेखाण परवानगी मिळवून वापरायला घेतली होती. मागे चिऱ्याची उंच भिंत, गोळी कुठे जायला वाव नाही. रविवारी सगळा क्लब असायचा. बाकीच्या दिवशी यशवंता, सुजाता आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायला मी.

फौजेतून आणलेली त्याची जुनी, एका डोळ्याने बघायची दुर्बीण इथल्या दमट हवेने खाल्ली. चामड्याच्या पिशवीत ठेवायचा, आणि चामडं पाणी धरतं. काचेच्या आत बुरशीचं जाळं धरलं. मला म्हणाला होता, "ताय, तुझ्या तांदळाच्या डब्यात ठेवू का? ओल खेचून घेतात तांदूळ." मी म्हटलं, "बंदुकीच्या दारूचे हात लागलेली वस्तू माझ्या तांदळात नको. भात काय खाकी करू?" तो हसला आणि पिशवी खुंटीला लावली. तेव्हा ठेवू दिली असती तर... पण जे केलं नाही ते केलं नाही. त्यात माझाही वाटा आहे, लपवत नाही.

मग त्याच्या छातीत दुखलं. दोन स्टेंट घातले. डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं, "शिकवा, पण बसून. उन्हात चालायचं नाही." त्या दिवसापासून दुर्बीण ही हौस राहिली नाही, औषध झालं. आम्ही एसटीने आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलो. यशवंताने पिशवीत काळ्या कागदाचा तुकडा आणि दाभण घेतलं होतं. मला वाटलं, वाटेत चप्पल शिवणार आहे. दुकानात शिरल्यावर त्याने त्या कागदाला दाभणाने पाच भोकं पाडली. म्हणाला, "समोरची गच्ची शंभर मीटर असेल. खाणीच्या तीनात एक अंतर, मग भोकही गोळीच्या तीनात एक." दुकानदाराच्या ओळखीने तो कागद गच्चीच्या कठड्याला लावला आणि एकेक दुर्बीण घेऊन बघायला बसला.

दुकानदार म्हणाला, "काका, ही बघा की. साठपट! चंद्रावरचे खड्डे मोजा."

"चंद्रावर माझं कोण हाय?" यशवंता म्हणाला. "मला कागद दाखवा."

त्याने मला समजावलं ते अजून लक्षात आहे. आकडा वाढवला की कागद मोठा होतो तशी मधली हवाही मोठी होते. सड्यावरून उन्हाची वाफ उठते, तीही साठपट दिसते, मग कागद कढईतल्या पापडासारखा नाचतो. पंचवीस-तीसपट पुरे. त्या आकड्याला वाफ शांत असते, आणि ती कुठल्या अंगाला वाहते ते दिसतं; तोच वारा, त्यावरून नेम सरकवायचा. पुढची काच रुंद हवी, म्हणजे उजेड जास्त आत येतो. डोळा लावायची नळी तिरकी हवी, म्हणजे पालथ्या पडलेल्या पोरीला मान उचलावी लागत नाही, नुसती वळवली की झालं. चष्मा न काढता आतलं वर्तुळ पुरं दिसायला हवं. आणि आत सुका वायू भरून तोंड बंद केलेलं हवं, म्हणजे कोकणातली ओल आत शिरत नाही. दुर्बीण उभी राहते त्या तिपाईला त्याने टिचक्या मारून पाहिलं, नवरदेवाला बघतात तसं. शेवटी एका शेवाळी रंगाच्या, दिसायला अगदी साध्या दुर्बिणीशी थांबला.

"ताय, तू बघ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणून तर. मला सवय हाय, मला धुक्यातही दिसेल. तुला दिसलं तर खरी. किती भोकं?"

मी बघितलं. "चार."

"नीट बघ."

"चारच. नाय... एकाला दुसरं चिकटलंय."

त्याने मांडीवर थाप मारली. "हीच."

तीच घेऊन आलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. तेवढ्यात क्लबाच्या चिटणिसाचा फोन आला. वीस वर्षं झाली म्हणून सत्कार ठरलाय, आणि सरांना काय हवंय हे त्यांना कुठूनतरी कळलंय. "सर, तुम्ही काही घेऊ नका, दुर्बीण आमच्यातर्फे." यशवंताने दुकानदाराकडून कंपनीचं नाव, दुर्बिणीचा नंबर कागदावर उतरवून घेतला आणि आम्ही रिकाम्या हाताने परत आलो. खोटं का बोलू, त्या लोकांनी अगदी तीच आणली. रंग तोच, नंबर तोच. स्टेजवर लाल फीत बांधून ठेवली होती. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. मग चिटणीस माइकवरून म्हणाला, "नुसती दिलेली नाही, आठवण राहावी म्हणून नाव घातलंय!" टाळ्या पडल्या.

जवळ जाऊन बघितलं. दुर्बिणीच्या पुढच्या कड्यावर, जिथे मोठी काच बसवलेली असते बरोबर त्याच जागी, भांडीवाल्याच्या मशीनने टिंबाटिंबांची अक्षरं घातली होती. 'यशवंत सर यांना सप्रेम भेट', आणि खाली पाच पदाधिकाऱ्यांची नावं, हुद्द्यासकट. माझ्या घरात चमच्यापासून हंड्यापर्यंत सगळ्यावर नावं आहेत. आहेराचं पातेलं दिलं की देणाऱ्याचं नाव पाहिजेच, नाहीतर दिलं कोणी हे कळणार कसं. पातेल्याचं ठीक आहे. पातेल्याच्या आत काचा नसतात. ते मशीन टर्रर्र करत धातूवर ठोकतं, दात शिवशिवतात इतकं. पाच माणसांची नावं ठोकून होईपर्यंत त्या बिचाऱ्या काचेला काय झालं असेल!

घरी आल्यावर यशवंताने गॅलरीतून डोळा लावला आणि चाक पुढेमागे फिरवत राहिला.

"काय रे?"

"दोन दोन दिसतंय, ताय."

मी बघितलं. समोरच्या दोरीवर एक परकर वाळत होता, मला दोन दिसले. पुढे पावसात आत वाफ धरली ती सुकलीच नाही. कोल्हापूरला नेली तर दुकानदाराने कपाळाला हात लावला. काचेचं कडं हललंय, आतला वायू गेलाय, आणि वर ठोकाठोक केलेली वस्तू कंपनी परत घेत नाही.

मी म्हटलं, जा, सांग त्यांना. तो म्हणाला, "भीड पडते गं."

हा शब्द आता माझ्या कानाला सहन होत नाही. भीती वाटते म्हणणाऱ्याला धीर देता येतो, भीड पडणाऱ्याला काय देणार? सरहद्दीवर गोळ्यांना न भ्यालेला माणूस पाच पदाधिकाऱ्यांसमोर गार पडला. नवी स्वतः घे म्हटलं, तर म्हणे, "रविवारी बघतील, विचारतील आमची कुठाय." क्लबाच्या कपाटातली दुर्बीण माग म्हटलं, तर म्हणे, "मग कारण सांगावं लागेल." एकदा भांडण फार वाढलं तेव्हा तो हळूच बोलला, "ताय, ज्यांच्या आज्यांनी आपल्या बापाला पडवीत बसू दिलं नाय, त्या पोरांनी मला स्टेजवर बसवलं. त्यांना काय सांगू, तुमची भेट वाईट हाय?"

मी म्हटलं, "बसवलं ना? मग बसून सांग!"

त्याला हसू आलं. पण सांगितलं नाही. दर रविवारी ती आंधळी दुर्बीण तिपाईवर लावायचा, कोणी विचारलं की "झकास" म्हणायचा, आणि आडवारी चालायचा. सुजाताची निवड चाचणी आठ दिवसांवर आली होती. ती म्हणाली, "आबा, कागद मी बघून येते." तो म्हणाला, "तू उठलीस की दम चढतो, नेमाला बसलेलं अंग मोडतं, पुढच्या गोळ्या वाया जातात. पडून राहा." मी जाते म्हटलं तर माझ्या गुडघ्यांकडे बघून म्हणाला, "तू पोचेपर्यंत चाचणी संपेल." चुकीचं भोक मात्र त्याने तिला एकदाही सांगितलं नाही. अंदाजाने दहा गुण म्हटलं असतं तरी कुणाला कळलं असतं? ते त्याच्याने झालं नाही. क्लबाशी खोटं बोलला, शिष्येशी बोलला नाही, आणि त्या दोन्हींच्या मधलं अंतर पायांनी चालला.

जलदान विधी विहारात झाला. शोकसभेला पाचही जण आले. कुणीतरी कौतुकाने ती दुर्बीण फोटोपुढे मांडली होती, हार घालून. चिटणीस बोलायला उभा राहिला. "सरांना ही दुर्बीण प्राणापलीकडे होती..."

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "तिला डोळा लावा."

"आजी, मागाहून बघू."

"मागाहून नको. समोरच्या भिंतीवरची पंचशीलाची पाटी वाचून दाखवा."

सभा थांबली. तो वाकला. हार बाजूला केला, डोळा लावला, चाकं फिरवली, परत लावला. माणूस वाईट नाही तो. कान लाल झालेले मला दिसले.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"आतून... धूसर आहे."

"कधीपासून, ठाऊक आहे? तुम्ही नावं घातलीत त्या दिवसापासून."

मग मी सगळं सांगितलं, पाचव्या खेपेपर्यंत. शेवटी तो म्हणाला, "सरांनी आम्हाला सांगायचं होतं, आजी. एका शब्दाने सांगायचं होतं."

मीही यशवंताला रोज तेच म्हणत होते. ज्याला रागवायचं तो फोटोत हसत होता.

चाचणी होऊन गेली होती. सुजाता गेलीच नव्हती. पुढची सहा महिन्यांनी आहे. सभा उठताना चिटणीस तिच्याजवळ आला, म्हणाला, सरांच्या स्मरणार्थ क्लब तुला नवी दुर्बीण देणार. मी तिच्याकडे बघत होते. ती यशवंताच्या हाताखाली वाढलेली पोरगी, खाली बघेल आणि मान हलवेल असं वाटलं.

"द्या," सुजाता म्हणाली. "पण काका, तिच्यावर काही घालू नका. सरांचंही नाव नको. आणि आधी मी आणि आजी डोळा लावून बघणार, मगच घेणार."

"बरं बाळा," तो म्हणाला.

त्या सकाळी खाणीत आम्ही तिघं उतरलो होतो. यशवंता गेला. सुजाता आहे, आणि त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी असलेली मी आहे.