मस्कीची रील आणि सासऱ्यांचं शेततळं

नाशिक जिल्ह्यात मस्की नावाचा मासा सापडत नाही. तो अमेरिकेतल्या थंड तळ्यांमध्ये राहतो, माणसाच्या कमरेपर्यंत येतो आणि भूक लागली तर बदकं गिळतो. ही सगळी माहिती असूनही मी मस्की पकडायची रील (गळाची दोरी गुंडाळायची चकरी) घेतली, आणि तीही सासऱ्यांकडून.

दोष त्या व्हिडिओंचा. ऑफिसातून आलो की मी जेवताना तेच बघायचो. बोट संथ चाललेली, मागे लांबच लांब दोरी, दोरीच्या टोकाला खोटा मासा. (याला ट्रोलिंग म्हणतात. बोट चालते आणि मासेमार बसून राहतो, त्यामुळे हा खेळ मला पहिल्या दिवसापासून आवडला.) आणि मग एकदम रील ओरडते, किर्रर्र! दांडी वाकते, आणि पाण्यातून तो लांब, पट्ट्यापट्ट्यांचा, नुसत्या दातांचा राक्षस वर येतो. माझा घास हातातच राहायचा. असलं काही या जगात आहे आणि आपण इंदिरानगरात बसून दोडक्याची भाजी खातोय, याने मी अगदी भारावून जायचो.

"अहो, जेवा आता," बायको म्हणायची. "तो मासा काही ताटात येणार नाहीये."

त्या वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला होता. अधिक महिन्यात जावयाला बोलावून जेवू घालतात, अनारशांचं वाण देतात आणि वर काहीतरी भारी वस्तू. माझ्या ओळखीतल्या जावयांनी अंगठ्या घेतल्या, चांदीची निरांजनं घेतली. मला सासऱ्यांनी फोन केला. त्यांना आम्ही आण्णा म्हणतो. गिरणाऱ्याच्या बाजूला त्यांची शेवंतीची शेती आहे.

"बोला जावईबापू, काय पायजे?"

"आण्णा, ट्रोलिंग रील."

पलीकडून आवाज आला, "बरं. तुमीच निवडा."

आणि मी निवडायला बसलो! स्थळं बघतानाही मी एवढा विचार केला नव्हता. (हे बायकोनेच मला सांगितलं.) डाव्या हाताची की उजव्या? गोल की चपटी? सोडलेली दोरी मोजणारा काटा हवा की नको? ब्रेक किती ताकदीचा? दुकानदाराने विचारलं, "साहेब, मासा कुठे धरणार?"

"सासऱ्यांच्या शेततळ्यात."

"मग ही छोटी घ्या की. तळ्यात असून असून काय असणार? रोहू!"

"समजा मोठा निघाला तर?"

दुकानदाराने माझ्याकडे नीट बघितलं आणि दांडी व खोट्या माशासकट सगळ्यात मोठी रील मागवून दिली. नारळाएवढी, काळीभोर आणि चकचकीत. ब्रेक आवळला की बैल जोडला तरी दोरी सुटणार नाही, आणि दोरी अशी विणलेली की तुटणार नाही, असं खोक्यावर लिहिलं होतं. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, हे मी आज शपथेवर सांगू शकतो.

वाणाच्या दिवशी सासूबाईंनी तांब्याच्या ताटात अनारशांच्या ढिगावर रील ठेवली, तिला हळदकुंकू लावलं आणि माझ्या आधी तिचंच औक्षण केलं. आण्णांनी ती हातात घेऊन दोनदा फिरवली. त्यांचे डोळे चमकले.

"ही तर पतंगाची आसारी हाय! पण लय भारी, बरं का. आवाज बघा की कसा येतोय."

"मासा पकडायचा, बघायचा आणि सोडून द्यायचा," सासूबाईंनी बजावलं. "अधिक महिना आहे. घरात मासा आला तर मी जेवणार नाही!"

मी म्हटलं, गोरे लोकही सोडूनच देतात. सासूबाईंचं गोऱ्या लोकांविषयीचं मत तेव्हापासून सुधारलं.

आता अडचण एकच होती, बोट. शेततळ्यात कोण बोट ठेवतो? आण्णांनी क्षणभर विचार केला आणि पडवीतल्या छोट्या ट्रॅक्टरकडे बोट दाखवलं.

"नाव कशाला? चालल्याशी मतलब ना? बांधावरनं ट्रॅक्टर चालवतो."

मला ही कल्पना इतकी आवडली की मी त्यांच्या पाया पडलो. (ते पाय त्या दिवशी मला पुन्हा धरावे लागणार आहेत, याची तेव्हा कल्पना नव्हती.)

शेततळं म्हणजे जमिनीत खणलेला भलामोठा हौद. चारही बाजूंना मातीचा उंच बांध आणि पाणी मुरू नये म्हणून आतून सगळीकडे काळा जाड प्लास्टिकचा कागद. पाऊस येईपर्यंत आण्णांची सगळी शेवंती या पाण्यावर जगणार होती. दुसरं पाणी नव्हतं. हे मला माहीत होतं, पण माझं लक्ष रीलवर होतं.

आम्ही सुतळीने दांडी ट्रॅक्टरला बांधली. आण्णा चालवायला आणि मी मागे, मडगार्डवर. बायको आणि सासूबाई बांधावर उभ्या. मी खोटा मासा पाण्यात सोडला. तो माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब होता आणि त्याला तीन ठिकाणी तिहेरी गळ लटकत होते. तळ्यातले रोहू त्याच्याहून लहान होते. त्याला बघताच ते पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन गोळा झाले.

ट्रॅक्टर निघाला. संथ, अगदी व्हिडिओतल्यासारखा! काटा दोरी मोजत होता. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. आणि तिसऱ्या वळणावर किर्रर्रर्र!

"लागला! आण्णा, लागला!"

"थांबू का?"

"अजिबात नाही! बोट थांबवायची नसते!"

मी ब्रेक पूर्ण आवळला. दांडी कमान झाली. आण्णांनी पहिला गिअर टाकला, ट्रॅक्टर हुंकारला, पण समोरचा जीव जागचा हलेना. आयुष्यात एवढी ताकद मी अनुभवली नव्हती. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मस्की नाशकात नसेल, पण हे जे काही होतं ते मस्कीच्या थोरल्या भावाएवढं होतं!

"ओढा आण्णा!"

"ओढतोय! पर ह्यो हाय तरी केवढा?"

तेवढ्यात पाणी ढवळलं आणि हळूहळू एक पाठ वर आली. काळी, ओली, उन्हात चमकणारी, आमच्या हॉलएवढी रुंद. आण्णांनी एका हाताने टोपी काढली. सासूबाई तर बांधावर गुडघेच टेकून बसल्या.

"मत्स्यावतार! अहो, पुरुषोत्तम महिन्यात साक्षात विष्णू आलेत! जावईबापू, सोडा! सोडा देवाला!"

मी हात जोडले. रील मोकळी करायला हवी होती, पण हात जोडलेले असताना रील मोकळी करता येत नाही. ट्रॅक्टर पुढे चाललाच होता.

"आई," बायको शांतपणे म्हणाली, "तो कागद आहे."

त्यानंतर जो आवाज झाला तो मी लिहू शकत नाही. नव्या कापडाचा तागा टर्रकन फाडतात ना, तसा, पण बराच वेळ चालला. कागदामागे बांधात घुशींनी बिळं करून ठेवली होती. त्यांतून पाणी जे निघालं ते थेट खालच्या अंगाला, नामदेवतात्यांच्या रानात.

नामदेवतात्या आण्णांचे चुलतभाऊ. बांधाच्या भांडणावरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. त्यांची मिरची पाण्यावाचून माना टाकत होती आणि आण्णा रोज वरून ती बघत होते. आता आण्णांचं पाणी त्या मिरचीत खळाळत शिरत होतं. आम्ही फावडी मारली, गोण्या टाकल्या, मी स्वतः एका बिळाला पाठ लावून बसलो. उपयोग झाला नाही. संध्याकाळपर्यंत तळ्याच्या तळाशी चिखल आणि घाबरलेले रोहू एवढंच राहिलं. आण्णा शेवंतीकडे बघत बांधावर बसले. मी त्यांचे पाय धरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

इतक्यात खालून नामदेवतात्या चढून आले. हातात नारळ! येताच त्यांनी आण्णांना मिठी मारली.

"आण्णा, मी तुला काय काय बोललो अन् तू अधिकाचं दान म्हणून आख्खं तळं सोडलंस? एवढं मन कुणाचं आसतं रे?"

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी रीलकडे. रील चिखलात पडली होती आणि तिला काहीही झालं नव्हतं.

"आता, म्हंजे..." आण्णा खाकरले. "महिनाच तसा हाय."

"माझी कोरडी हीर भरली की! तुझी मोटर लाव तिच्यावर. निम्मं तुला, निम्मं मला. शेवंती वाळू द्यायची नाय!"

शेवंती वाळली नाही, मिरचीही लागली. दोघं भाऊ आता एका ताटात जेवतात. दानशूर म्हणून गावाने आण्णांना शाल दिली तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. खरी गोष्ट पुढे कानावर गेल्यापासून नामदेवतात्या तर मला देवमाणूसच समजतात आणि दर उन्हाळ्यात आग्रहाने निरोप पाठवतात, "जावईबापू, ती आसारी घेऊन एकदा चक्कर मारा की!"

आण्णांच्या घरी मात्र माझी बडदास्त काही वेगळीच असते. मी पोचायच्या आत ट्रॅक्टरची चावी सासूबाईंच्या कमरेला खोचलेली असते. पाय धुवायचं पाणी खाटेपाशी बादलीत येतं, आणि मी सहज शेततळ्याच्या दिशेने चार पावलं टाकली, तरी सगळं घर काहीतरी काम काढून माझ्या मागे चालायला लागतं. जावयाला मान देणारी सासुरवाडी सगळ्यांनाच मिळते. एवढा पहारा फक्त मला मिळतो!