ताईची पश्चिमेकडची भिंत

सुताराने जन्मभर फळ्यांमध्ये फट ठेवली. फळ्या उभ्या, दोन फळ्यांत नाण्याच्या जाडीएवढी जागा, आणि ती झाकायला वरून अरुंद पट्टी. फळीला मधोमध खिळ्यांची एकच रांग. पट्टीचा खिळा फळीला न शिवता फटीतून थेट मागच्या आडव्या दांडक्यात. कापलेलं लाकूडसुद्धा हवेतलं पाणी पितं, फुगतं, आकसतं. त्याला हलायला जागा लागते.

थोरल्या बहिणीच्या घराची पश्चिमेकडची भिंत बाहेरून मढवायची होती. वखारीत त्याने अर्धा दिवस घालवला, गाठींच्या फळ्या बाजूला सारल्या आणि देवदार निवडला. पंधरा दिवस फळ्या तिच्या व्हरांड्यात हवेला सरावत पडून राहिल्या.

"लाकूड आहे की जावई?" ताई म्हणाली.

काम सुरू झालं आणि दुसरी फळी चढताच तिने हरकत घेतली. "ही फट कसली? वारा शिरेल. एक काम तुला घट्ट म्हणून करता येत नाही."

आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. तिच्यापुढे साठी उलटलेल्या माणसाचं पुन्हा शेंबडं पोर होई. त्याने मान डोलावली. फळ्या एकमेकींना भिडवल्या, पट्ट्या दोन्हीकडच्या फळ्यांना ठोकून टाकल्या. भिंत देखणी दिसली. ताई खूश. त्याला दोन रात्री नीट झोप लागली नाही.

मग आठवडाभर धुकं पडलं. सकाळी ताईचा फोन आला. "ये, बघ. तुझी भिंत गरोदर आहे."

फळ्या जागोजागी पोट काढून उभ्या होत्या, तीन पट्ट्या उभ्या चिरल्या होत्या. त्याने फुगलेल्या फळीवरून हात फिरवला. 'तूच म्हणालीस' हे शब्द जिभेवर आले. खरेच होते ते. पण ते बोलून भिंत तशीच सोडली, तर पुढे हातोडा कुठल्या तोंडाने उचलणार?

"म्हणालीस तू," तो म्हणाला, "पण खिळे मी मारले. सगळं काढतो."

पट्ट्या निघाल्या, फळ्या उतरल्या. उन्हात सुकल्यावर त्याने प्रत्येकीची कड रंध्याने जराशी उतरवली. फळ्या पुन्हा चढल्या, या वेळी फट ठेवून. ताईने भुशातच खुर्ची मांडली होती.

"हे तुला तेव्हाच ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला कोण बोलणार?"

वाऱ्याने भुसा तिच्या पायांवर आला, तिने झटकला नाही.

"बोलायचं रे," ती म्हणाली. "मी ऐकलं नसतंच. पण बोलायचं."

त्याने पुढची पट्टी उचलली. "मग ऊठ. खालचं टोक धर. आणि दाबू नकोस."

ती उठली, कुरकुरत.