डोंगरापलीकडच्या गारा

"थांब, बघून सांगते." फोनवर काहीही विचारलं की काकूंचं पहिलं वाक्य हेच. मग फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज, चपला सरपटत अंगणात गेल्याचा आवाज, आणि बऱ्याच वेळानं आकडा.

वळवाच्या ढगांचा अभ्यास करायला आम्ही केज तालुक्यात तळ टाकला होता. जमिनीवर रडार, ढगांच्या कडेनं मोजमाप घेणारं विमान, शिवाय उपग्रहाची चित्रं. एवढं असूनही जमिनीवर पाऊस पडला किती, हे कुणीतरी भांड्यात मोजावंच लागतं. डोंगरापलीकडच्या गावात ते काम काकूंकडे होतं. साठी उलटलेल्या, एकट्या, स्वतःचं रान स्वतः बघणाऱ्या.

एकदा फोन शेजारी राहणाऱ्या त्यांच्या पुतण्यानं उचलला आणि म्हणाला, "अंदाजे दहा मिलिमीटर." मागून काकूंनी फोन हिसकावला. "त्यो त्याचा अंदाज हाय, पाऊस न्हाई. थांब."

एका दिवसाची नोंद आलीच नाही. विचारलं तर म्हणाल्या, "म्या घरी नव्हते. लिही, बाई परळीला लग्नाला गेलती." आमच्या प्रमुख सरांना हसू आलं. पण तुम्हीच सांगा, मनानं आकडा लिहून मोकळी होणारी माणसं आपण किती पाहिली आहेत?

मे महिन्यातली ती दुपार. विमान एका मोठ्या ढगाच्या कडेला होतं आणि ढग आमच्या हिशेबापेक्षा भराभर वाढत होता. वैमानिकानं विचारलं, "बाहेर कुठून पडू?"

रडारच्या लहरी मुसळधार पावसातून जाताना विरतात. पुढच्या ढगामागं काय आहे ते मग पडद्यावर उमटत नाही. जागा कोरी दिसते. विमानातल्या छोट्या रडारचीही तीच गत. उपग्रहाचं शेवटचं चित्र वीस मिनिटांपूर्वीचं होतं. पूर्वेला, डोंगरापलीकडची जागा कोरी होती.

"पूर्वेकडून काढू या," सर म्हणाले.

मी तोवर काकूंना फोन लावला होता. या वेळी त्या फोन घेऊनच अंगणात गेल्या. एकदम लोखंडावर दगड पडल्यासारखा टणटणाट सुरू झाला. काकूंनी डोक्यावर घमेलं धरलं होतं, हे मला नंतर कळलं.

"गारा. लिंबाएवढ्या."

"काकू, आत जा."

"काई त्याहून मोठ्या. ढग काळाहिरवा हाय, अन् डोंगराकडं सरकतोय." एवढं बोलून फोन बंद झाला.

"पडद्यावर तर काही नाही," सर म्हणाले. "बाईंची खात्री किती?"

"ज्या दिवशी बघितलं नाही, त्या दिवशी त्यांनी तसं सांगितलं होतं, सर."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि माइकचं बटण दाबलं. "पूर्वेकडे वळू नका. दक्षिणेला या."

काही मिनिटांनी वैमानिकाचा आवाज आला, "मोकळ्यात आलो." थोड्या वेळानं उपग्रहाचं नवं चित्र आलं. डोंगरापलीकडे, त्याच कोऱ्या जागेवर, ढगाचा प्रचंड माथा पसरला होता. सर बाहेर जाऊन उभे राहिले.

काकूंचा फोन लागेना. मी जीप घेऊन निघाले. त्या ओट्यावर बसल्या होत्या, डाव्या मनगटाला पदर गुंडाळून. गारेनं हाड मोडलं होतं.

"एवढ्या पावसात कशापायी आलीस?" त्यांनी मलाच विचारलं.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. पुतण्याचा निरोप आला तेव्हा मला आठवला तो त्या गारांनंतरच्या आठवड्यातला दिवस, वैमानिक त्यांना भेटायला आला होता तो. चांगला धिप्पाड माणूस, पण ओट्याच्या अगदी कडेला अंग चोरून बसला. आभार कसे मानावेत ते त्याला सुचेना. शेवटी वाकून त्यानं त्यांच्या पायांना हात लावला.

प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून काकूंनी विचारलं, "आई हाय का तुला?"

"आहे."

"मग तिला यातलं काई सांगू नको."

त्यानं मान हलवली, पण वर पाहिलं नाही. काकूंनी उजव्या हातानं चहाची बशी हळूच त्याच्यापुढं सरकवली.