रुंद उजेडाची बॅटरी

भंडाऱ्यात भैय्यालालच्या दुकानी येणारं प्रत्येक गिऱ्हाईक बॅटरीचा फोकस किती लांब जातो ते विचारी. आसगावचा धनीराम मात्र दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत शिरून एकेका बॅटरीचा उजेड स्वतःच्या पायांशी पाडून पाही.

"भाऊ, हिचा उजेड पार तलावाच्या पल्याड जाते," भैय्यालाल म्हणाला.

"पल्याडचं मले काय करायचं? मले बाजूचं दिसलं पाहिजे."

त्याची बायको धुरपता पायरीवर बसून होती. नवऱ्याचा हा शोध ती लग्नापासून बघत आली होती. लग्नाला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा तिन्हीसांजेला तो अंगणात उभ्या बैलगाडीवर आदळला आणि तिला कळलं, अंधार पडला की या माणसाला दिसत नाही. सासऱ्यालाही दिसत नसे. लग्न जुळवताना कोणी चकार शब्द काढला नव्हता. धुरपता रडली, मग राहिली.

आणलेली बॅटरी धनीराम जशीच्या तशी कधी वापरत नसे. याही वेळी त्यानं पुढची काच काढून पॉलिशपेपरनं घासघासून धुरकट केली, म्हणजे मधला झोत फुटून उजेड दोन्ही बाजूंना पसरावा. पांढऱ्या उजेडानं डोळ्यांपुढं चकचक होई, म्हणून मोबाईल दुरुस्त करणाऱ्याकडून आत पिवळा एलईडी बसवून घेतला. दांड्यावर सायकलची जुनी ट्यूब चढवली, धानाच्या चिखलभरल्या बांधीत ओल्या हातातून निसटू नये म्हणून.

त्यांची एकुलती एक लेक गुंजन तेव्हा बी.ए. झाली होती. एका संध्याकाळी ती वडिलांची बॅटरी घेऊन गोठ्यात जाऊन आली आणि सहज म्हणाली, "बाबा, हीच बरी. दुसऱ्या बॅटरीनं मले बाजूचं काहीच दिसत नाही."

धनीराम तिच्याकडं बघतच राहिला. धुरपताच्या हातातलं सूप थांबलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बापाचंच दुखणं लेकीत उतरलंय, औषध नाही, नजर हळूहळू आणखी आक्रसत जाईल. घरी आल्यावर धुरपता फुटली.

"तुमच्या घरच्यायले माहीत होतं. माह्या बापाले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं त तू आली असती का?"

"नसती आली."

गुंजन दारातच उभी होती.

पुढच्या वर्षी करडीहून स्थळ आलं. मुलगा निकेश राइस मिलमध्ये कामाला, घरी धानाची शेती.

"आधीच सांगून टाकू," धनीराम म्हणाला.

"हे तुमच्या तोंडी शोभत नाही," धुरपता म्हणाली, आणि तिनं पाहुण्यांना दुपारचं, टळटळीत उन्हाचं बोलावलं.

निकेशची आई सत्यवतीबाई साधी बाई होती. पोहे खाता खाता तिनं विचारलं, "पोरीले काही बिमारी-गिमारी नाही ना, बाई?"

धनीरामनं तोंड उघडलं, पण धुरपता आधी बोलली. "नाही जी. साधा तापबी येत नाही तिले."

गुंजननं चहाचा ट्रे खाली ठेवला आणि आईकडं एकदाच पाहिलं.

लग्नाआधी धनीरामनं एकट्यानं जाऊन लेकीसाठी पर्समध्ये मावेल अशी बॅटरी आणली. तिचीही काच घासली, तिच्यातही पिवळा दिवा बसवला. धुरपतानं ती साड्यांच्या तळाशी ठेवली.

"सासूनं पाहिली त काय सांगू?" गुंजननं विचारलं.

"सांग, सापाची भीती वाटते."

पावसाळाभर ते निभलं. दिवाळीत करडीच्या घरी पाहुणे जमले होते. चारचौघांत बॅटरी काढायला गुंजनला संकोच वाटला, आणि हातातल्या ताटांसकट ती ओट्यावरून खाली गेली. मनगट मोडलं. मग सगळंच बाहेर आलं.

दोन दिवसांनी गुंजनचा फोन आला तो धुरपतानं उचलला.

"बाबाले दे."

"माह्याशी बोल ना, बाई. सासू रागावली का?"

"नाही. मले म्हणाली, तुयी चूक नाही. तुह्या मायची आहे म्हणाली. मीबी हो म्हटलं."

धुरपतानं फोन नवऱ्याच्या हातात दिला. त्यानं लेकीचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नाही बेटा, मायले दोष नको देऊ. तिले हे आमच्याच घरानं शिकवलं."

धुरपता तिथंच उभी होती. ते ऐकूनही तिला बरं वाटलं नाही.