बाप्पाच्या नावाची तातडीची ऑर्डर

हसायचं नाही, या अटीवर सांगते. आणि चहा घेता घेता सांगते, म्हणजे हसलात तर ठसका तुम्हालाच लागेल!

तर एका बाईने एका सकाळी, खुर्चीतून न उठता, सांगानेरमधला अख्खा कारखाना कामाला लावला. कापड, रंग, छपाई, गाडी, सगळं! ती बाई म्हणजे मी. आणि मला याचा चार दिवस पत्ताच नव्हता.

आमचे हे विमा कंपनीत. बदल्या होत होत जयपूरला आलो, बनी पार्कात घर घेतलं. मुलगी शिकायला बाहेर, मी दिवसभर भिंतींशी काय बोलू? मग सांगानेरला मीनाक्षीजींच्या कारखान्यात ऑर्डरी लिहून घेण्याचं काम धरलं. लाकडी ठशांनी हाताने छापलेल्या चादरी बनतात तिथे. तिथे मला सगळे माने भाभी म्हणतात.

पूर्वी तिथला कारभार कसा होता सांगू? ऑर्डर माझ्या वहीत. कापड गोदामाच्या वहीत. गाडी कधी सुटणार ते फक्त ड्रायव्हरला ठाऊक. आणि रंग छगनलालजींच्या डोक्यात! छगनलालजी म्हणजे आमचे छपाईचे उस्ताद, उभा जन्म हातात ठसा. त्यांना विचारावं, "उस्ताद, काम कुठपर्यंत आलं?" की ते म्हणणार, "हो रहा है, भाभीजी." याच्यापुढे ब्रह्मदेव आला तरी शब्द नाही. एका घरात राहून अबोला धरलेल्या जावा असतात ना, तशी आमची सगळी खाती.

या अबोल्यापायी दोन मोठी गिऱ्हाइकं हातची गेली. माल तयार तर गाडी नाही, गाडी उभी तर माल ओला! आता उदयपूरच्या एका नव्या हॉटेलची शंभर चादरींची ऑर्डर मिळाली होती. ती वेळेवर गेली, तर त्यांच्या बाकीच्या हॉटेलांचंही काम आम्हालाच. मीनाक्षीजी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाभी, ये गया तो समझो आधे कारीगर घर बैठेंगे."

म्हणून त्यांनी ते ईआरपी आणलं. संगणकावरची सिस्टीम. शिकवायला आलेला माणूस म्हणाला, "बस इतना समझ लीजिए, पूरे कारखाने की अब एक ही बही है." म्हणजे बघा, मी इकडे ऑर्डर लिहिली की गोदामाला आपोआप कळणार कापड किती बाजूला ठेवायचं. कापड कमी पडलं तर खरेदीवाल्यांना कळणार. कोणत्या टेबलावर कोण छापणार, किती वेळात वाळणार, गाडी कधी लागणार, सगळं एकाला एक जोडलेलं. ऐकूनच मी खूश झाले. माणसांना जे जन्मात जमलं नाही, ते हे यंत्र करणार होतं!

आता गोम कुठे आहे ते ऐका.

माझ्या वडिलांचं कराडला कापडाचं दुकान. नवी वही उघडली की पहिली ओळ देवाची, हा आमच्याकडचा रिवाज. पहिलं गिऱ्हाईक बाप्पा, मग बाकीचे. सांगानेरच्या वह्यांतही मी तेच करायचे. "श्री गजानन, चादरी एकशे एक." ती वही बघणाऱ्या गोदामवाल्याला हे माहीत होतं. गोदामवाला त्या ओळीला नमस्कार करायचा आणि पान उलटायचा.

मग सांगा, सगळ्या कारखान्याची एकच नवी वही उघडायची, तीही माझ्या हाताने, आणि मी बाप्पाला विसरू?

सोमवारी सकाळी हात जोडले आणि लिहिलं, ग्राहक: श्री गजानन. माल: चादरी, एकशे एक. नक्षी? हत्ती, दुसरं काय! रंग शेंदरी. सिस्टीमने विचारलं, घाई किती? आता देवाला काय ताटकळत ठेवायचं? लिहिलं, अति तातडीची. मग ती पत्ता मागू लागली. पत्ता दिल्याशिवाय पुढेच सरकेना. म्हटलं, बाप्पा राहतात कुठे? आमच्या देवघरात. दिला बनी पार्काचा पत्ता. फोन नंबर? बाप्पाकडे कुठला फोन! ह्यांचा दिला.

आणि मग, मनात कसं छान वाटत होतं तेव्हा, हॉटेलची शंभर चादरींची ऑर्डर लिहिली. पांढऱ्यावर निळीचा ठसा.

काय सांगू, दुपारपासून कारखान्याला जाग आली! गोदामातून कापड निघालं, ते कुणी न मागता. रंगाच्या हंड्या चढल्या, कुणी न ओरडता. मी जिन्यात उभी राहून बघतच राहिले. जी माणसं एकमेकांना "तुमचं काम, आमचं नाही" म्हणायची, ती एकापाठोपाठ एक कामाला लागलेली. खोटं नाही सांगत, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

संध्याकाळी घरी ह्यांना म्हटलं, "अहो, तुमच्या ऑफिसात पण बसवा म्हणावं ही सिस्टीम. हॉटेलचं कापड बघता बघता रंगायला गेलं!"

हे फोनमध्ये डोकं घालून म्हणाले, "ते जाऊ दे. हे बघ काय आलंय. 'प्रिय श्री गजानन, आपली ऑर्डर मिळाली.' नवीन फसवणूक दिसतेय. मी नंबर ब्लॉक करतोय."

मी म्हटलं, करा. आमच्याकडे देवाला रीतसर पोच पाठवतात, एवढंच मला त्यात गोड वाटलं. अक्कल कशी गहाण पडते बघा!

बुधवारी छगनलालजींकडे गेले. "उस्ताद, काम कुठपर्यंत आलं?"

"आधे से ज़्यादा छप गया, भाभीजी." चक्क उत्तर! मी हरखले.

"जरा जल्दी कीजिए हं. बड़ी पार्टी है."

छगनलालजींनी कानाला हात लावला. "इनसे बड़ी कौन पार्टी, भाभीजी? मैं खुद बैठा हूँ छापने. नहाकर छापता हूँ."

मनात म्हटलं, काय ही निष्ठा! उदयपूरच्या हॉटेलासाठी माणूस अंघोळ करून ठसा धरतोय. मी मीनाक्षीजींना जाऊन सांगितलं आणि वर हॉटेलच्या राठोडजींना फोन लावला. हे राठोडजी हॉटेलचे मॅनेजर. म्हटलं, उद्या जयपूरला येताय ना, मग सांगानेरला या. तुमच्या चादरी वाळताना डोळ्यांनी बघा!

कुणी सांगितलं होतं मला? कुणीही नाही. स्वतःच्या पायावर मी स्वतःच धोंडा पाडला, तोही आमंत्रण देऊन.

गुरुवारी राठोडजी आले. मोठ्या मिशा, कडक इस्त्री, मोजकं बोलणं. मी पुढे, मागे ते आणि मीनाक्षीजी. वाळवणाच्या अंगणाचं दार मी असं दोन्ही हातांनी उघडलं.

हत्ती! जिकडे बघाल तिकडे हत्ती! शेंदरी चादरींच्या रांगाच्या रांगा आणि वाऱ्यावर डुलणारे शेकडो हत्ती! मधोमध छगनलालजी उदबत्ती लावून उभे.

राठोडजी म्हणाले, "हमने तो नीला बोला था."

मीनाक्षीजींनी माझ्याकडे बघितलं. मी छगनलालजींकडे बघितलं. ते राठोडजींना हात जोडून म्हणाले, "मंदिर का ऑर्डर है ना, हुकम. पहला नंबर इन्हीं का लगा था."

पायाखालची जमीन सरकली म्हणतात, ती मी त्या दिवशी अनुभवली. आता ती ओळ बघून पान उलटायला माणूस नव्हता, सिस्टीम होती; हॉटेलसाठी राखलेलं सगळं कापड बाप्पाने नेलं होतं! अर्धे कारीगर घरी बसणार, ते माझ्यामुळे. रिवाज माझा, आणि चूल त्यांची विझणार. तिथेच सगळं कबूल केलं. कराडचं दुकान, पहिली ओळ, देवघराचा पत्ता, सगळं. बोलता बोलता रडू फुटलं.

मीनाक्षीजी सरळ ऑफिसात गेल्या, संगणक उघडला. आम्ही मागे अपराध्यांसारखे. आणि मग त्या एकदम हसायलाच लागल्या!

अहो, त्या सिस्टीमने काय केलं होतं माहितीये? सोमवारीच तिच्या लक्षात आलं होतं की बाप्पाने कापड संपवलं, आता हॉटेलला काय? तिने त्याच दुपारी खरेदीवाल्यांना कळवून नवं कापड मागवलं होतं. ते सकाळीच येऊन पडलेलं. निळीची हंडी तयार. दुपारपासून सगळी टेबलं हॉटेलच्या नावावर. गाडी मंगळवारची ठरलेली. माझ्या मूर्खपणासकट सगळं वेळेत बसवून ठेवलं होतं हो तिने! रागावली नाही, टोमणा नाही. एवढी गुणी सून कुणाला मिळत नाही.

राठोडजींनी पडदा वरपासून खालपर्यंत वाचला. मग मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "मतलब भगवान का काम भी रुका नहीं, और हमारा भी नहीं." आणि चहा मागितला. चहा मागितला म्हणजे जिंकलो, हे मला एवढ्या वर्षांत कळलंय. मंगळवारी माल गेला, वेळेवर गेला, आणि बाकीच्या हॉटेलांचं कामही आलं.

संपलं वाटलं ना? मलाही वाटलं होतं.

मीनाक्षीजी त्या गुरुवारीच म्हणाल्या, "हाथी वाली चादरें दुकानों में निकल जाएँगी. आप बस वो ऑर्डर कैंसल कर दीजिए." त्यात काय अवघड? पण सिस्टीम फार शिस्तीची. म्हणाली, ग्राहकाच्या फोनवर एक नंबर येईल, तो सांगा, मगच रद्द. म्हणजे ह्यांच्या फोनवर! जिथे आम्हीच ब्लॉक!

फोन केला. "अहो, जरा तो नंबर चालू करा आणि जो ओटीपी येईल तो मला सांगा."

मग एकदम ऑफिसचा आवाज, "आपण कोण बोलताय?"

"अहो, मी! तुमची बायको!"

"आवाजाची हुबेहूब नक्कल होते हल्ली. कालच आम्हाला त्याचं ट्रेनिंग झालंय." आणि फोन ठेवला!

आता मीनाक्षीजींकडे पुन्हा कुठल्या तोंडाने जाणार? म्हटलं, राहू दे, पुढचं पुढे बघू. पण सिस्टीम पुढचं पुढे बघत नाही, ती आत्ताच बघते. शनिवारी मी चारदीवारीत, म्हणजे जुन्या जयपुरात, खरेदीला गेले आणि इकडे बनी पार्कात गाडी लागली. ह्यांना सुट्टी. एकशे एक चादरी आमच्या दिवाणखान्यात रचून माणसं निघून गेली. मी परत आले तर हे गठ्ठ्यांच्या मधोमध बसलेले, आणि सोफा सापडत नव्हता.

सगळं सांगून टाकलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि गठ्ठे हलवून सोफा मोकळा केला. मला बरं वाटलं, म्हटलं माणूस समजूतदार आहे.

सोमवारी कामावर गेले. संगणक उघडला तर पडद्यावर लाल अक्षरांत तक्रार. गठ्ठ्यावर तक्रारीचा नंबर छापलेला असतो. ह्यांनी मी येण्याच्या आधीच, शनिवारी दुपारी, ब्लॉक काढून, विमा कंपनीच्या भाषेत लिहून पाठवलं होतं: "न मागवलेला माल मिळाला. ऑर्डर घेणारी व्यक्ती अत्यंत बेजबाबदार असून ती तातडीने बदलून मिळावी."

आणि एकच वही ना! तक्रार त्याच मिनिटाला मीनाक्षीजींना कळलेली, छगनलालजींना कळलेली, कामगारांच्या फायली ठेवणाऱ्या खात्यालाही कळलेली. खाली लिहिलेलं, तक्रार निवारण: माने भाभी. ग्राहकाच्या घरी स्वतः जाऊन समाधान करावे.

रोज संध्याकाळी जाते हो मी ग्राहकाच्या घरी! स्वयंपाकसुद्धा करते. आमच्या कारखान्यात कुठलीच तक्रार दोन दिवसांच्या वर उघडी राहत नाही. ही एकच राहिलीये. सिस्टीम दर सोमवारी ह्यांना विचारते, "आपले समाधान झाले का?" आणि हे माझ्यासमोर बसून, चष्मा सावरून, दर सोमवारी उत्तर देतात: "व्यक्ती अजून बदलून मिळालेली नाही."